झाकण हलवलं की डावा स्पीकर बंद-चालू होतो: आतली वायर कशी तपासायची आणि कशी दुरुस्त करायची

तुम्ही सांगितलेली लक्षणं आधी एकत्र मांडतो. लॅपटॉपचा डावा स्पीकर मधूनच खरखरतो, मग बंद पडतो आणि झाकण थोडं मागेपुढे केलं की पुन्हा सुरू होतो. हेडफोन लावला तर दोन्ही कानांत स्वच्छ आवाज येतो. बॅटरी बदलल्यानंतर काही दिवसांनी हा त्रास सुरू झाला. ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचं हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला, विंडोजही नव्याने टाकून झाली, फरक शून्य. आता तुम्हाला मदरबोर्ड बदलायला सांगितलंय.

मदरबोर्डला एवढ्यात हात लावू नका. झाकण हलवल्यावर फरक पडतो, हे या सगळ्यातलं सर्वांत बोलकं लक्षण आहे. झाकण अर्धं उघडलंय की पूर्ण, याच्याशी ड्रायव्हरला काही देणंघेणं नसतं. हलवल्याने, दाबल्याने किंवा उचलल्याने जो दोष बदलतो तो जवळपास नेहमी जोडणीचा असतो. म्हणजे वायर तुटत आलेली असते, कनेक्टर अर्धवट बसलेला असतो किंवा कुठेतरी सोल्डर, म्हणजे जोड पक्का करायला वितळवून लावलेला धातू, तडकलेलं असतं. ही तपासणी झाल्याशिवाय विंडोज पुन्हा टाकत बसणं म्हणजे डेटा आणि वेळ दोन्ही उगाच पणाला लावणं.

आवाज आतून कुठल्या वाटेने येतो ते थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक चाचणी कशासाठी आहे ते कळेल. मदरबोर्डवर ऑडिओ कोडेक नावाची चिप असते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती रिअलटेकची असते. ती डिजिटल माहितीचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करते. तिथून वाट फुटते. एक फाटा हेडफोनच्या जॅककडे जातो. दुसरा छोट्या अँप्लिफायरमधून, जो कधी कोडेकच्या पोटातच असतो तर कधी वेगळा, एका छोट्या कनेक्टरवर येतो. त्या कनेक्टरपासून साधारणपणे चार बारीक वायरी निघतात, दोन डाव्या स्पीकरला आणि दोन उजव्याला. तुमचा हेडफोन नीट वाजतो, म्हणजे ड्रायव्हर आणि कोडेक ठीक आहेत. उजवा स्पीकर वाजतो, म्हणजे कनेक्टर सबंध निघालेला नाही. उरतो तो डाव्या बाजूचा तुकडा: अँप्लिफायरचा डावा भाग, कनेक्टरच्या दोन पिना, दोन वायरी आणि खुद्द स्पीकर.

ब्लूटूथ स्पीकर जोडून पाहिला आणि तो वाजला, यावरून मात्र काही निष्कर्ष काढू नका. ब्लूटूथचा आवाज या कोडेकमधून जातच नाही. एचडीएमआयने टीव्हीवर येणाऱ्या आवाजाचंही तेच.

लॅपटॉप उघडण्याआधी बाहेरूनच बरंच कळतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये साउंड, त्यात स्पीकरचे गुणधर्म उघडले की डाव्या आणि उजव्या बाजूच्या आवाजाच्या दोन वेगळ्या पट्ट्या दिसतात. उजवी शून्यावर आणा. आता गाणं लावू नका. गाण्यात आवाज आपणच वरखाली होत असतो, त्यामुळे क्षणभराची तूट कानाला लागत नाही. एकसारखा टोन लावा. ४४० हर्ट्झचा टोन वाजवणारी ऑडिओ फाइल सहज मिळते. आवाज मध्यम ठेवा, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि एका हाताने झाकण अगदी सावकाश उघडत न्या. नंतर झाकण स्थिर ठेवून डाव्या तळहाताची जागा, बिजागराजवळचा कोपरा आणि कीबोर्डची वरची कड असं एकेक ठिकाण बोटाने हलकेच दाबा. टोन नेमका कुठल्या दाबाला तुटतो ते लक्षात ठेवा. वायर कुठे दुखावली आहे त्याचा पत्ता बहुतेक वेळा इथेच लागतो.

हीच चाचणी विंडोजच्या बाहेर करता आली तर सोन्याहून पिवळं. डेलच्या लॅपटॉपमध्ये चालू करताना एफ १२ दाबून येणाऱ्या यादीतून डायग्नोस्टिक्स निवडलं, किंवा एचपीमध्ये एफ २ दाबलं, की हार्डवेअर तपासणीचा विभाग येतो. बऱ्याच मॉडेलांत तिथे स्पीकरचा टोन वाजवून पाहता येतो. ते नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा, डिस्कवर काही टाकायची गरज नाही. तिथेही डावी बाजू झाकणाच्या हालचालीवर येत-जात असेल, तर सॉफ्टवेअरचा विषय संपला.

तीन फसवी लक्षणं इथेच वेगळी काढतो. पहिलं, जोरात लावल्यावरच होणारी खरखर, तीही ठरावीक जाड सुरांवर. हालचालीने ती बदलत नसेल तर स्पीकरचा पडदा फाटलेला असतो किंवा त्यावर काहीतरी चिकटलेलं असतं. स्पीकरच्या मागे चुंबक असतं, त्यामुळे आधीच्या दुरुस्तीत हरवलेला बारीक स्क्रू तिथे जाऊन बसतो, असं खरोखर होतं. दुसरं, हेडफोनमध्येही ऐकू येणारी टकटक किंवा तुटक आवाज. ते ड्रायव्हरचं किंवा प्रोसेसरवरच्या ताणाचं दुखणं, त्यासाठी लॅपटॉप उघडू नये. तिसरं, दोन्ही स्पीकर एकदम गप्प असतील, स्क्रीनवर मात्र हेडफोन लावलेला दाखवत असेल, तर जॅकमधली हेडफोन ओळखणारी कळ अडकलेली असते. जॅकमध्ये साचलेला कचरा हे त्याचं नेहमीचं कारण. तुमच्या बाबतीत यातलं काहीच बसत नाही.

आता कळीचा प्रश्न. स्पीकर खालच्या भागात आहे, मग झाकण हलवल्याने त्याच्या वायरीला काय होतं? बिजागराची धातूची पट्टी खालच्या बॉडीला स्क्रूने घट्ट बसवलेली असते. बिजागर कडक झालं की झाकण उघडताना सगळा जोर त्या कोपऱ्यावर येतो आणि प्लास्टिक थोडं उचललं जातं. वायर त्या पट्टीखालून किंवा शेजारून जात असेल तर प्रत्येक वेळी ती चेपली जाते, वाकते. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसं आतलं तांबं एकेक धागा करून तुटत जातं, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं.

तुमच्याकडे बॅटरी बदलली होती, म्हणून दुसरी शक्यता मला जास्त दाट वाटते. बऱ्याच मॉडेलांत दोन स्पीकरना जोडणारी वायर बॅटरीच्या कडेने, प्लास्टिकच्या अरुंद खाचेतून जाते. बॅटरी काढताना ती खाचेतून बाहेर येते. परत बसवताना ती खाचेत दाबली नाही, तर बेस कव्हर किंवा एखादा स्क्रूचा खांब थेट तिच्यावर बसतो. त्या दिवशी आवाज येतो, कारण तांबं अजून तुटलेलं नसतं. मग रोजच्या वापरात ते कापलं जातं.

उघडताना घाई करू नका. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. स्क्रू काढताना कुठला कुठून निघाला ते कागदावर नकाशा काढून त्याच जागी ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो वरचं प्लास्टिक फोडतो किंवा बोर्डात घुसतो. रबरी पायांखाली लपलेले स्क्रू विसरू नका. कव्हर प्लास्टिकच्या पातीने उचला. स्क्रूड्रायव्हर खुपसून नाही. कव्हर निघताच पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. त्यानंतर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डवर साठलेली वीज उतरेल. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, आधी ती सुरक्षितपणे काढून घ्या. फुगलेली बॅटरी शेजारची वायर चेपते हेही दोषाचं कारण असू शकतं, पण तेव्हा आवाजापेक्षा तीच मोठी काळजी असते.

आता वायर नुसती पाहा, ओढू नका. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून कनेक्टरपासून स्पीकरपर्यंत एकेक इंच बघत जा. चपटी झालेली जागा, वायरीच्या प्लास्टिकवर उमटलेला कडेचा ठसा, तांब्याची चमक, बेस कव्हरच्या आतल्या बाजूला पडलेली वायरीची रेघ, यांतलं काही ना काही बहुतेक वेळा सापडतं. मघाशी बोटाने दाबलेली जागा इथे उपयोगी पडते. तिथूनच सुरुवात करा.

मल्टिमीटर असेल तर स्पीकरचा कनेक्टर बोर्डवरून सोडवा. वायरी धरून ओढू नये. प्लगच्या दोन्ही कडांना प्लास्टिकची टोकदार पाती लावून तो थोडाथोडा सरकवावा. काही प्लग सरळ वर निघतात तर काही बोर्डला समांतर सरकतात, ते आधी नीट बघा. मग मीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजायच्या खुणेवर, ठेवून दोन्ही प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकं, एकमेकांना टेकवा. जो आकडा येईल, बहुधा अर्ध्या ओहमच्या आत, तो नंतरच्या मोजणीतून वजा करायचा. आता डाव्या बाजूच्या दोन वायरींमध्ये मोजा. प्लगच्या तोंडात जाड प्रोब घुसवू नका, आतली पाकळी रुंदावते आणि नवीनच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. प्लगच्या बाजूला छोट्या खिडक्या असतात, त्यांतून धातू दिसतो. तिथे शिवणाची बारीक सुई टेकवून सुईला प्रोब लावा. ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो, ८ ओहमचा सातच्या आसपास. छापलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमी दिसणं बरोबर आहे. प्रोब टेकताना स्पीकरमधून अगदी बारीक खट् असा आवाज येतो, तोही ऐका.

बरेच जण याच टप्प्यावर फसतात. आकडा बरोबर आला म्हणून वायर चांगली, असं समजू नका. वायरीत अनेक बारीक धागे असतात. त्यातले सगळे तुटून एकच उरला, तरी त्या मिलिमीटरभर जागेचा रोध इतका कमी वाढतो की मीटरवर काहीच दिसत नाही. वायरीतली जोडणी तुटते ती वाकल्यावर, क्षणभरच. त्यात डिजिटल मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, म्हणून ती तूट नजरेतून निसटते. यासाठी मीटर बीपवर, म्हणजे कंटिन्युइटीवर ठेवा. स्पीकरचा रोध कमी असल्यामुळे बहुतेक मीटर त्यातूनही बीप देतात. प्रोब पक्के धरायला कोणाची तरी मदत घ्या आणि वायर दोन बोटांत धरून सेंटिमीटर-सेंटिमीटरने हलकेच वाकवत जा. बिजागराजवळ आलात की झाकणही हलवून बघा. बीप जिथे कापरी झाली, तिथे दोष. प्लगपाशी आल्यावर प्रत्येक वायर किंचित ताणून पाहा, कारण कधी वायर धडधाकट असते आणि प्लगच्या आतली तिची पकड सुटलेली असते.

आणखी एक मोजणी राहिली, ती अजिबात टाळू नका. प्लग सुटलेला असतानाच प्रत्येक वायर आणि लॅपटॉपचा धातूचा सांगाडा यांच्यामध्ये मोजा. कुठेही जोड दाखवायला नको. डाव्या आणि उजव्या वायरींमध्येही नको. सांगाड्याशी जोड दिसली तर वायरीचं कातडं घासून तांबं धातूला टेकतंय. तुटलेल्या वायरीपेक्षा हे जास्त घातक आहे, कारण लॅपटॉपच्या अँप्लिफायरमध्ये स्पीकरची कुठलीच वायर ग्राउंड, म्हणजे सांगाड्याला जोडलेली, नसते. काळी दिसणारी वायरसुद्धा नाही. अँप्लिफायर दोन्ही वायरींवर सिग्नल देतो, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलटा. म्हणून एक वायर सांगाड्याला टेकली की अँप्लिफायर थेट शॉर्ट होतो. चांगल्या चिपमध्ये संरक्षण असतं, ती आवाज बंद करते आणि पुन्हा प्रयत्न करते. बाहेरून ते आवाज येण्या-जाण्यासारखंच दिसतं. पण दर वेळी संरक्षणावर विसंबता येत नाही. अशी जोड सापडली तर वायर दुरुस्त होईपर्यंत प्लग बोर्डला लावूच नका, तोवर हेडफोनवर भागवा. याच कारणामुळे दोन्ही बाजूंच्या काळ्या वायरी एकत्र जोडून एक वायर वाचवण्याची युक्तीही कधी करू नका.

दुरुस्तीसाठी माझी पहिली पसंती स्पीकरचा पूर्ण संच बदलण्याला. वायर, प्लग आणि दोन्ही स्पीकर एकत्रच येतात. स्पीकरच्या मागच्या चिकटपट्टीवर भागाचा क्रमांक असतो, तो जुळवून घ्या. फक्त लॅपटॉपच्या नावावर मागवू नका, एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये प्लगचा आकार आणि वायरीची लांबी वेगवेगळी असते.

संच मिळत नसेल तर वायर जोडता येते, आणि नीट जोडली तर ती टिकते. संच लॅपटॉपमधून बाहेर काढूनच सोल्डरिंग करा. बोर्डवर वितळलेल्या सोल्डरचा एक थेंब पडला तर आवाजाचा दोष परवडला असं होईल. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ, चमकदार तांबं दिसेपर्यंत वायर कापा. काळवंडलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आखडून जोड झाकणारी नळी, आधी ओवून घ्या, तीही जोडापासून लांब सरकवून, नाहीतर उष्णतेने ती आधीच आखडते. सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवा आणि क्षणभरच टेकवा, विशेषतः स्पीकरच्या टोकांना, कारण तिथलं प्लास्टिक लगेच वितळतं. दोन वायरींचे जोड समोरासमोर घेऊ नका, पाच-सहा मिलिमीटर पुढेमागे घ्या. जोड वळणावर किंवा बिजागराखाली येता कामा नये. वायर आखूड झाली तर तेवढ्याच जाडीचा तुकडा मध्ये घाला, ताणून बसवू नका. जाड वायर खाचेत बसत नाही आणि कव्हर पुन्हा तिच्यावरच बसतं. साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद आतल्या उष्णतेने सुटतो, म्हणून बांधायला उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप वापरा.

जोडताना रंग जुळवा. एका स्पीकरच्या दोन वायरी उलट्या लागल्या तर आवाज येतो, पण जाड सूर विरतात आणि गाणं पोकळ वाटतं. दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतात, म्हणून तसं होतं.

तुमच्या मॉडेलमध्ये हेडफोनचा जॅक आणि बाजूचे यूएसबी वेगळ्या छोट्या बोर्डवर असतील, तर तो बोर्ड चपट्या रिबन केबलने मदरबोर्डला जोडलेला असतो. कव्हर उघडलंच आहे तर तीही बघून घ्या. काही लॅपटॉपमध्ये कोडेकच त्या बोर्डवर असतो. तिथे रिबन निसटली की ऑडिओ डिव्हाइसच नाही असा संदेश येतो, आणि त्याच बाजूचे यूएसबीही मेलेले असतात. ही जोडगोळी दिसली की ड्रायव्हर शोधत बसू नका. रिबनचं लॉक नखाने उचलायचं, केबल सरळ शेवटपर्यंत सरकवायची, मग लॉक दाबायचं. लॉक न उघडता ओढली तर कनेक्टर तुटतो. रिबनला चीर गेली असेल तर ती सोल्डर करायच्या नादी लागू नका, बदला. नवी घेताना पिनांची संख्या, पिनांमधलं अंतर, लांबी आणि दोन्ही टोकांचे संपर्क एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, हे चारही जुळले पाहिजेत.

झाकण हलवल्यावर आतला माइकही बंद होत असेल तर ती वेगळी वायर. माइक बहुधा कॅमेऱ्याशेजारी असतो आणि त्याची केबल बिजागरातून जाते. त्याच कोनात स्क्रीनही लुकलुकत असेल तर बिजागरातून जाणाऱ्या केबल दुखावल्या आहेत.

कव्हर लावण्याआधी बिजागराचे स्क्रू आणि ते प्लास्टिकमध्ये रोवलेल्या ज्या पितळी बुशात, म्हणजे आट्यांच्या छोट्या नळीत, बसतात ते पाहा. बुश प्लास्टिकमधून उपटले असतील किंवा बिजागर फार कडक असेल, तर आधी ते नीट करा. नाहीतर नवी वायरही त्याच जागी जाईल. वायर पूर्ण लांबीभर खाचेत दाबा, बॅटरीचा कनेक्टर शेवटी जोडा, कव्हर नुसतं ठेवून दोन-तीन स्क्रूच लावा आणि तोच टोन, तशाच पद्धतीने, झाकण सावकाश उघडत वाजवून बघा. मग उरलेले स्क्रू.

वायर हलवूनही बीप अखंड राहिली, सांगाड्याशी जोड नाही, स्पीकरचा आकडाही बरोबर, आणि तरी डावी बाजू तुटतेच आहे, तर मात्र दोष बोर्डवरच्या कनेक्टरच्या सोल्डरमध्ये किंवा अँप्लिफायरमध्ये आहे. तेव्हाही अख्खा मदरबोर्ड बदलायची गरज बहुधा नसते. चिप पातळीचं काम करणाऱ्याकडे जा, ही मोजमापं त्याला सांगा आणि स्पीकरच्या कनेक्टरच्या पिना भिंगाखाली पाहून पुन्हा सोल्डर करायला सांगा. झाकणाच्या हालचालीने बोर्डचा तो कोपरा वाकत असेल, तर तडा बहुतेक वेळा त्या पिनांच्या बुडाशीच असतो.